पाखरांची कैवारी : रेचेल कार्सन

आपल्या बेटावर उसाशी नाते नाही असे मराठी घर शोधूनही सापडायचे नाही. आपले पणजोबा-खापरपणजोबा जहाजात बसून इथे आले ते उसाच्या मळ्यांत राबण्यासाठीच. त्या काळी तण काढायचे ते कुदळीने आणि कीड वेचायची ती हाताने. पुढे पाठीवरचा पंप आला आणि त्याबरोबर डब्यांतून औषधही आले. औषध हा शब्द आपण किती सहज वापरतो! तापावर देतात तेही औषध आणि किडीवर मारतात तेही औषधच. पण दुसऱ्या डब्यावर कवटीचे चित्र असते. ते औषध नसून विष आहे, आणि शेतात टाकलेले विष शेतातच राहत नाही, ही गोष्ट साऱ्या जगाला पटवून देण्यासाठी एका बाईने आपल्या आयुष्याची शेवटची वर्षे खर्ची घातली. त्या बाईंचे नाव रेचेल कार्सन. त्यांचे चरित्र आपल्या घरांतून, विशेषतः मुलामुलींना, माहीत असायला हवे.

रेचेलचा जन्म २७ मे १९०७ रोजी अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्प्रिंगडेल या गावी झाला. गावाजवळून अ‍ॅलेघेनी नदी वाहते. वडिलांचे नाव रॉबर्ट आणि आईचे मरिया. तीन भावंडांत रेचेल धाकटी. घराभोवती ६५ एकर जमीन होती, पण हातात पैसा नव्हता. आई लग्नापूर्वी शिक्षिका होती. ती धाकट्या मुलीला बरोबर घेऊन रानातून हिंडे, पाखरे, किडे आणि फुले दाखवी. घरात आलेला किडा न मारता बाहेर सोडून द्यायचा, हा तिचा नेम होता. मुलगी वाचू लागली, पाठोपाठ लिहूही लागली. अकराव्या वर्षी तिची एक गोष्ट मुलांच्या नामांकित मासिकात छापून आली, तेव्हा आपण लेखिका व्हायचे हे तिने मनाशी ठरवून टाकले.

या मुलीला समुद्राचे विलक्षण वेड होते. पण स्प्रिंगडेल समुद्रापासून शेकडो मैल दूर. आपली मुले चालायला शिकतात तोच त्यांच्या पायाला समुद्राचे पाणी लागते. रेचेलने मात्र वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत समुद्र पाहिला नव्हता. तो फक्त पुस्तकांत वाचला होता.

१९२५ साली ती पिट्सबर्गच्या महिला महाविद्यालयात दाखल झाली. फी भरण्यासाठी आईने पियानोच्या शिकवण्या धरल्या आणि घरातली चांगली चिनी मातीची भांडीसुद्धा विकली. रेचेल तिथे गेली होती साहित्य शिकायला, पण मेरी स्किंकर या प्राध्यापिकेच्या शिकवण्याने तिला जीवशास्त्राची गोडी लागली आणि तिने विषय बदलला. त्या काळी मुलीने शास्त्र शिकणे म्हणजे उपाशी राहण्याची तयारी, असे लोक समजत. १९२९ मध्ये ती पदवीधर झाली. त्याच उन्हाळ्यात वूड्स होल येथील सागरी प्रयोगशाळेत तिला प्रथमच समुद्रकिनारी राहायला मिळाले. पुढे १९३२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून तिने प्राणिशास्त्राची एम.ए. पदवी घेतली.

डॉक्टर होण्याची इच्छा मात्र अपुरी राहिली. मंदीचे दिवस होते. आईवडील तिच्याकडेच राहायला आले होते, आणि १९३५ मध्ये वडील वारले. दोन वर्षांनी थोरली बहीणही गेली. तिच्या दोन लहान मुली कार्सनबाईंच्या आणि आईच्या पदरात आल्या. बाईंनी लग्न केले नाही. मिळवती एक आणि खाणारी तोंडे चार, असा तो संसार होता.

पोटासाठी त्यांनी सरकारच्या मत्स्य खात्यात काम धरले. आधी माशांच्या जीवनावर आकाशवाणीसाठी छोटी छोटी भाषणे लिहून दिली. मग १९३६ मध्ये परीक्षा देऊन त्या कायम झाल्या. त्या खात्यात शास्त्रज्ञाच्या दर्जाची जागा मिळवणाऱ्या त्या दुसऱ्याच स्त्री होत. दिवसभर कचेरी, घरी आल्यावर मुलींचा अभ्यास, आणि सगळे निजल्यावर रात्री लेखन, असा क्रम पंधरा वर्षे चालला. १९४१ मध्ये त्यांचे पहिले पुस्तक निघाले. पण थोड्याच दिवसांत अमेरिका युद्धात उतरली आणि पुस्तक कोणाच्या लक्षातही राहिले नाही. कार्सनबाई खचल्या नाहीत. १९५१ मध्ये सागरावरचे त्यांचे दुसरे पुस्तक प्रसिद्ध झाले. ते ८६ आठवडे खपाच्या यादीत राहिले आणि त्याला राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला. १९५२ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि मेन राज्याच्या किनाऱ्यावर एक लहानसे घर बांधले. वाटले, आता निवांतपणे लिहावे, भरती-ओहोटी पाहावी, पाखरे पाहावीत. पण त्यांच्या नशिबी निवांतपणा नव्हता.

इथे थोडे मागे वळून शेतीकडे पाहिले पाहिजे. १९३९ मध्ये पॉल म्युलर या स्विस शास्त्रज्ञाला डीडीटी या रसायनाचा कीटक मारण्याचा गुण सापडला. युद्धात सैनिकांच्या अंगावरच्या उवा आणि मलेरियाचे डास यांच्यावर ते फार उपयोगी पडले. त्याने लाखो जीव वाचवले. म्युलर यांना १९४८ मध्ये नोबेल पारितोषिकही मिळाले. युद्ध संपल्यावर हीच रसायने शेतांकडे वळली. त्याच सुमारास शेतीचे रूपही पालटत होते. एका कुटुंबाच्या शेतात धान्य, भाजी, गुरे, कोंबड्या एकत्र नांदत, ती पद्धत मागे पडली. मैलच्या मैल एकच पीक उभे राहू लागले. त्या पिकाच्या किडीला ते पंचपक्वान्नांचे ताट वाढून ठेवल्यासारखे झाले. कीड वाढली म्हणून विष वाढले, आणि विमानांतून त्याचा पाऊस पडू लागला. अमेरिकेत १९४७ मध्ये अशा रासायनिक विषांचे उत्पादन सुमारे १२ कोटी ४० लाख पौंड होते. १९६० पर्यंत ते ६३ कोटी ७० लाख पौंडांवर गेले, म्हणजे तेरा वर्षांत पाचपट!

कार्सनबाईंना हा धोका लवकर दिसला होता. डीडीटीमुळे इतर प्राण्यांवर काय परिणाम होतात याच्या चाचण्या सरकारी केंद्रात चालू होत्या. त्यांवर लेख लिहू का, असे त्यांनी १९४५ मध्येच एका मोठ्या मासिकाला विचारले होते. मासिकाने नकार दिला. पुढे १९५७ मध्ये लाँग आयलंड भागात विमानांनी झाडे, भाज्या, कुरणे, गुरे या सर्वांवर तेलात मिसळलेले डीडीटी फवारले. तेथील काही रहिवाशांनी सरकारवर दावा लावला आणि ते हरले. १९५८ च्या जानेवारीत बाईंना मॅसॅच्युसेट्समधील एका मैत्रिणीचे पत्र आले. डासांसाठी विमानातून फवारणी झाल्यावर तिच्या अंगणातली पाखरे तडफडून मेली होती. या विषयावर कोणीतरी लिहावे म्हणून बाईंनी दुसऱ्यांना विनवून पाहिले. कोणी पुढे येईना. तेव्हा आपण गप्प बसलो तर आपल्याला शांती मिळणार नाही, असे वाटून त्यांनी स्वतःच लेखणी उचलली.

त्या पुस्तकाला चार वर्षे लागली, आणि ती चार वर्षे म्हणजे संकटांची मालिकाच होती. पदरात वाढवलेल्या भाच्यांपैकी एक १९५७ मध्येच वारली होती. तिचा पाच वर्षांचा मुलगा रॉजर याला पन्नाशीच्या बाईंनी दत्तक घेतले. १९५८ च्या डिसेंबरात आई गेली. मग बाईंना स्वतःलाच एकामागून एक दुखणी लागली. १९६० मध्ये स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, आणि डॉक्टरांनी खरी स्थिती त्यांच्यापासून लपवून ठेवली. सत्य कळले तेव्हा रोग पसरला होता. किरणोपचारांनी त्या थकून जात. काही काळ डोळ्यांच्या विकाराने त्यांना लिहिलेले वाचताही येत नव्हते. कोणीतरी वाचून दाखवायचे आणि त्यांनी ऐकून दुरुस्त करायचे, असे चाले. तरी एकही विधान पुराव्यावाचून करायचे नाही हा त्यांचा बाणा कायम होता. पुस्तकाच्या शेवटी आधारांची यादीच ५५ पानांची झाली.

'सायलेंट स्प्रिंग', म्हणजे पाखरे न गाणारा मुका वसंत, हे ते पुस्तक. १९६२ च्या जूनमध्ये त्याचे भाग एका साप्ताहिकात येऊ लागले आणि २७ सप्टेंबर १९६२ रोजी ते ग्रंथरूपाने बाहेर पडले.

त्यात सांगितले होते ते घरातल्या बाईलाही समजेल असे होते. डीडीटीसारखी विषे पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत विरघळतात, आणि वर्षानुवर्षे टिकतात. समजा, गवतावर डीडीटी पडले आणि त्याचे प्रमाण दहा लाख भागांत ७-८ भाग इतकेच आहे. ते गवत गाईने खाल्ले तर तिच्या दुधात सुमारे ३ भाग उतरतात. ते प्रमाण कमी झाले असे वाटेल. पण त्या दुधाचे लोणी काढले की त्यात हेच प्रमाण ६५ भागांपर्यंत चढू शकते! विष शेतातून गोठ्यात, गोठ्यातून स्वयंपाकघरात आणि तिथून मुलाच्या ताटात कसे येते, हे इतक्या सोप्या हिशोबाने पूर्वी कोणी सामान्य माणसाला सांगितले नव्हते.

दुसरे उदाहरण होते दक्षिणेकडील राज्यांतल्या लाल मुंग्यांचे. त्यांच्याविरुद्ध सरकारने युद्ध पुकारले आणि १९५८ मध्ये सुमारे १० लाख एकरांवर डीडीटीहूनही जहाल अशी विषे टाकली. मुंग्या काही हटल्या नाहीत. रानातली पाखरे आणि गोठ्यातली जनावरे मात्र मेली. तिसरी गोष्ट किडीची स्वतःची. विषाने शंभर किडे मरतात, पण दोन-चार दणकट उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. तिला जुने विष बाधत नाही. शिवाय किडीला खाणारे कोळी, पाखरे, गांधीलमाश्या आधीच मेलेल्या असतात. मग शेतकरी अधिक विष आणतो. या चक्राला शेवट नाही. म्हणून कार्सनबाईंचे म्हणणे होते की यांना कीटकनाशके म्हणू नये, जीवनाशके म्हणावे.

पण त्यांनी रसायने साफ बंद करा असे म्हटले नव्हते. त्यांचे मागणे बेताचे होते. ज्याचे परिणाम माहीत नाहीत ते विष अडाण्यासारखे चहूकडे टाकू नका. ज्याच्या घरावर आणि शेतावर ते पडणार त्याला आधी विचारा. आणि किडीला निसर्गातल्याच शत्रूने आवर घालता येतो का ते पाहा.

एवढ्यावरही केवढे वादळ उठले! पुस्तक निघण्यापूर्वीच वेल्सिकॉल या विषे बनवणाऱ्या कंपनीने प्रकाशकाला कोर्टाची धमकी दिली. प्रकाशक डगमगला नाही. रसायनांच्या व्यापाऱ्यांनी पुस्तकाविरुद्ध पैसा ओतला. ही डॉक्टर नाही, बिनलग्नाची बाई, पाखरे-मांजरांवर माया करणारी, हिला शास्त्र काय कळणार, अशी टवाळी झाली. या चिखलफेकीला त्यांनी चिखलाने उत्तर दिले नाही. आपल्या आजाराची वाच्यताही त्यांनी होऊ दिली नाही. कर्करोग झाला म्हणून ही रसायनांवर राग काढते, असे म्हणायला विरोधकांना जागा मिळू नये, हा त्यातला हेतू. गळलेल्या केसांवर टोप घालून त्या सभांना जात आणि ताठ बसून बोलत.

राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी हा प्रश्न आपल्या शास्त्रीय सल्लागारांकडे सोपवला. ३ एप्रिल १९६३ रोजी दूरदर्शनवर कार्सनबाई आणि त्यांचे विरोधक यांचा कार्यक्रम झाला. त्याआधी पाच जाहिरातदारांपैकी तिघांनी अंग काढून घेतले, पण कार्यक्रम झालाच. पांढरा डगला घातलेले कंपनीचे शास्त्रज्ञ तावातावाने बोलत होते आणि ही आजारी बाई शांतपणे एक एक मुद्दा मांडत होती. कोण खरे बोलते ते लोकांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले. १५ मे १९६३ रोजी सल्लागारांचा अहवाल आला. त्याने बाईंच्या बऱ्याच म्हणण्याला दुजोरा दिला. पुढच्याच महिन्यात सिनेटच्या समितीपुढे त्यांची साक्ष झाली.

याच दिवसांत त्यांनी आणखी एक काम केले. ते फारसे कोणाला ठाऊक नाही. इंग्लंडमधील रूथ हॅरिसन या गृहिणीने कारखान्यासारख्या चालणाऱ्या पशुपालनावर पुस्तक लिहिले होते. हजारो कोंबड्या पंख पसरता येणार नाहीत अशा पिंजऱ्यांत कोंडलेल्या, वासरे अंधाऱ्या खोक्यांत बांधलेली, आणि अशा गर्दीत रोग होऊ नयेत म्हणून खाद्यातूनच दिली जाणारी औषधे, असे त्यात वर्णन होते. मृत्यू दाराशी उभा असताना कार्सनबाईंनी त्या अनोळखी बाईच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहून दिली. अशा जनावरांपासून मिळणारे अन्न माणसाला निर्धोक कसे असेल, आणि जिवंत प्राण्याला असे यंत्र करून टाकण्याचा आपल्याला अधिकार काय, हे दोन्ही प्रश्न त्यांनी विचारले. ते पुस्तक १९६४ मध्ये निघाले आणि ब्रिटिश सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पिकावरचे विष आणि पिंजऱ्यातली कोंबडी ही एकाच झाडाची फळे आहेत, हे त्यांनी ओळखले होते.

१४ एप्रिल १९६४ रोजी रेचेल कार्सन यांनी देह ठेवला. वय अवघे ५६. त्यांच्या रक्षेचा काही भाग मेनच्या त्यांच्या लाडक्या किनाऱ्यावर विसर्जित करण्यात आला.

त्यांच्यामागे त्यांचे म्हणणे एकेक करून खरे ठरत गेले. १९६७ मध्ये डेरेक रॅटक्लिफ या ब्रिटिश शास्त्रज्ञाने ससाण्यांच्या अंड्यांची कवचे पातळ झाल्याचे दाखवून दिले. पुढे त्याचे कारण डीडीटी असल्याचे सिद्ध झाले. आई अंड्यावर बसली की अंडे फुटायचे. १९७० मध्ये अमेरिकेत पर्यावरण रक्षणाचे स्वतंत्र खाते झाले आणि १९७२ मध्ये शेतीसाठी डीडीटी वापरण्यास तिथे बंदी आली. १९८० मध्ये कार्सनबाईंना मरणोत्तर राष्ट्राचा सर्वोच्च नागरी सन्मान देण्यात आला. २००१ च्या स्टॉकहोम कराराने डीडीटीसह अशा बारा रसायनांवर जगभर निर्बंध आणले. रोग पसरवणाऱ्या डासांसाठी मात्र डीडीटीची सोय ठेवली.

ही सोय आपल्यासारख्यांनी ध्यानात घ्यावी. आपल्या बेटावर मलेरियाने किती घरे ओस पडली होती ते जुन्या माणसांनी पाहिले आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस डीडीटीची मोहीम सुरू झाली आणि १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मॉरिशस मलेरियामुक्त झाल्याचे जाहीर केले. हे उपकार नाकारण्यात अर्थ नाही, आणि कार्सनबाईंनी ते नाकारलेही नव्हते. शेतांवर उधळपट्टी करून किडे आणि डास विषाला सरावले, तर आजारात ते विष कामाला येणार नाही, हाच तर त्यांचा इशारा होता.

त्याच औषधाची दुसरी बाजूही आपल्याच रानात दिसली. इथला छोटा ससाणा, ज्याला आपण क्रेसरेल म्हणतो, जगात दुसरीकडे कुठेच नाही. जंगले तुटली, बाहेरून आणलेले मुंगूस आणि उंदीर वाढले, आणि त्यात डीडीटीसारख्या विषांची भर पडली. १९७४ मध्ये रानात अवघे चार क्रेसरेल उरल्याची नोंद आहे. पुढे कार्ल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडी उबवून, पिल्ले हाताने वाढवून ही जात वाचवली. आज ते काही शे आहेत. चारावरून तिथपर्यंत यायला कितीतरी वर्षांची मेहनत लागली. घालवायला फार वेळ लागला नव्हता.

बाईंनी सुचवलेली दुसरी वाटही आपल्या बेटाला नवी नाही. टोळांना आवरण्यासाठी १७६२ मध्ये हिंदुस्थानातून इथे मैना आणली गेली. म्हणजे ती आपल्या पूर्वजांच्याही आधी आली! पुढे उसाच्या मुळ्या खाणाऱ्या हुमणीला बार्बाडोसहून आणलेल्या एका गांधीलमाशीने आवर घातला. अर्थात परका जीव आणतानाही सावध असावे लागते, हे मुंगसाने आपल्याला शिकवले आहेच.

जगाने हा धडा पुरता घेतलेला नाही. आजही दरवर्षी ३५ लाख टनांहून अधिक शेतीविषे वापरली जातात. खुद्द महाराष्ट्रात, यवतमाळ जिल्ह्यात, २०१७ च्या पावसाळ्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. तेही आपल्यासारखेच घाम गाळणारे, त्या डब्याला औषध म्हणणारे लोक.

आपले बेट लहान आहे. उसाच्या शेतातून निघालेला ओढा काही मैलांतच समुद्राला मिळतो, आणि ज्या पाण्यात आपण गणपती विसर्जन करतो त्याच पाण्यात आपले मासे पोसतात. म्हणून पंप ओढ्यात धुऊ नये. डब्यावरची बारीक अक्षरे मुलाकडून वाचून घ्यावीत. परसातल्या भाजीवर फवारा मारण्याआधी किडे हाताने वेचता येतात का ते पाहावे. आणि घरात निदान त्या डब्याला औषध म्हणणे सोडून द्यावे. त्याला विष म्हटले की हात आपोआप आखडता येतो.